बहुपायरी संश्लेषणाची आखणी आणि अंमलबजावणी: अ‍ॅनिलीनपासून सल्फानिलामाइडपर्यंत

प्रश्न असा आहे: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी चार पायऱ्यांचे संश्लेषण करायचे आहे. कागदावर मार्ग तयार आहे, प्रत्येक अभिक्रिया पाठ्यपुस्तकात आहे आणि प्रत्येकीचे उत्पन्न ७० ते ८० टक्के दिलेले आहे. तरी तिसऱ्या पायरीनंतर हातात चिकट तपकिरी ऐवज येतो, नाहीतर काहीच उरत नाही. आखणी कशी करायची आणि काम करताना नेमके काय पाहायचे?

अशा वेळी अभिक्रियांची निवड सहसा चुकलेली नसते. आखायची राहिलेली असते ती दोन पायऱ्यांमधली जागा. पहिल्या पायरीचा पदार्थ दुसरीत कोरडा जाणार की ओला, त्यात आम्ल किंवा क्षार किती उरलेला चालेल, तो रात्रभर टिकेल की तासाभरात पुढे न्यावा लागेल, या गोष्टी छापील कृतीत "कोरडे" किंवा "लगेच" अशा एखाद्या शब्दात उरकलेल्या असतात आणि वाचताना निसटतात. म्हणून एक पूर्ण उदाहरण आकड्यांसह घेतो. सल्फानिलामाइड निवडले, कारण त्याच्या चार पायऱ्यांत संरक्षक गट (नाजूक भाग तात्पुरता झाकणारा गट), ओलाव्याचे वावडे असलेली अभिक्रिया, न टिकणारा मध्यस्थ (मधल्या पायरीचा पदार्थ) आणि निवडक जलविघटन असे सगळे प्रश्न येतात आणि जवळजवळ प्रत्येक पदार्थ स्फटिकरूप असल्याने चूक कुठे झाली ते पकडता येते. हा पदार्थ १९०८ मध्ये व्हिएन्नात पॉल गेल्मो यांनी बनवला. जर्मन संशोधक गेरहार्ड डोमाक यांच्या, जंतुसंसर्गावर चालणाऱ्या प्रोन्टोसिल या लाल रंगद्रव्यातला गुणकारी भाग हाच आहे, हे मात्र पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या गटाने १९३५ मध्ये दाखवले.

आखणी नेहमी शेवटाकडून करा. या पद्धतीला शिस्तबद्ध रूप देणारे ई. जे. कोरी यांना १९९० चे नोबेल मिळाले. सल्फानिलामाइडमध्ये बेंझिन वलयावर पॅरा स्थानांना (समोरासमोरच्या कार्बनांवर) एक अमिनो गट आणि एक सल्फोनामाइड गट आहे. सल्फोनामाइडचा गंधक-नायट्रोजन बंध तोडला की सल्फोनिल क्लोराइड आणि अमोनिया मिळतात. सल्फोनिल क्लोराइड वलयावर थेट बसवता येते, म्हणजे मागे जाता जाता आपण अ‍ॅनिलीनपाशी पोचतो. आता क्रम तपासा. बेंझिनवर आधी सल्फोनामाइड बसवून मग नायट्रेशन केले, तर नायट्रो गट मेटाला, म्हणजे समोरच्याऐवजी एक सोडून पुढच्या कार्बनवर, जाईल. तो मार्ग बाद. मोकळ्या अ‍ॅनिलीनवर थेट क्लोरोसल्फॉनिक आम्ल घातले, तर अमिनो गट प्रोटॉन घेऊन अ‍ॅनिलिनियम होतो आणि पॅरा स्थानाकडे नेण्याचा त्याचा गुणच जातो. शिवाय एकाच रेणूत मोकळा अमिनो गट आणि सल्फोनिल क्लोराइड असेल, तर एका रेणूचा अमिनो गट दुसऱ्याच्या सल्फोनिल क्लोराइडवर हल्ला करतो आणि साखळ्या तयार होतात. म्हणून अमिनो गटाला अ‍ॅसिटिल लावायचे. त्याने वलय बेताचे सक्रिय राहते, पॅरा स्थान पसंत होते आणि नायट्रोजन शांत बसतो.

संरक्षक गटाची किंमत दोन पायऱ्या असते, एक लावण्याची आणि एक काढण्याची. ती मोजण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एकच: तो काढताना आपण कमावलेला गट टिकेल का? इथे टिकतो. अ‍ॅसिटिल लावून बनलेल्या कार्बोक्झामाइडच्या कार्बनवर पाण्याला सहज हल्ला करता येतो, सल्फोनामाइडचा गंधक विरल आम्लाला बराच वेळ दाद देत नाही. या फरकामुळेच हा मार्ग उभा राहतो. तुमच्या मार्गात असा फरक दाखवता येत नसेल, तर गट बदला.

आता प्रमाणे, तीही उलट दिशेने. शेवटी ७ ग्रॅम सल्फानिलामाइड हवे असेल, तर रेणूभार १७२.२ धरून ते ४०.७ मिलिमोल झाले. जलविघटनाचे उत्पन्न शुद्धीकरणासह ८० टक्के धरा: अ‍ॅसिटामिडोबेंझिनसल्फोनामाइड (तिसऱ्या पायरीचा पदार्थ) ५०.८ मिलिमोल, म्हणजे १०.९ ग्रॅम लागेल. त्यामागच्या दोन पायऱ्यांचे मिळून ७० टक्के धरा: अ‍ॅसिटॅनिलाइड (अ‍ॅसिटिल लावलेले अ‍ॅनिलीन) ७२.६ मिलिमोल, ९.८ ग्रॅम. त्याआधीची पायरी ८० टक्के: अ‍ॅनिलीन ९१ मिलिमोल, सुमारे ८.३ मिलि. नमुन्यांसाठी आणि एखादी पायरी पुन्हा करावी लागली तर हाताशी असावे म्हणून १० मिलि घ्या. मार्गाचे एकूण उत्पन्न ४५ टक्के आहे हे आधीच माहीत असेल, तर शेवटी ७ ग्रॅम पाहून कोणी निराश होत नाही. पुस्तकातला सर्वांत चांगला आकडा मात्र आखणीत धरू नका. पहिल्यांदा करताना त्यापेक्षा १० ते १५ टक्के कमी धरणे शहाणपणाचे.

पहिली पायरी सोपी आहे. २५० मिलि पाण्यात ९ मिलि संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घाला आणि ढवळत १० मिलि अ‍ॅनिलीन विरघळवा. आम्ल आणि अ‍ॅनिलीन जवळजवळ समान मोल आहेत, म्हणून सगळे अ‍ॅनिलीन क्षाररूपात पाण्यात जाते. द्रावण तपकिरी असेल तर दोन ग्रॅम सक्रिय कोळसा घालून ५० अंशांवर पाच मिनिटे ठेवा आणि गाळा. रंग काढायची ही सर्वांत स्वस्त वेळ आहे. इथे सोडलेला रंग शेवटच्या स्फटिकांपर्यंत सोबत येतो. मग १२.८ मिलि अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड घाला, ढवळा आणि लगेच १६.५ ग्रॅम सोडियम अ‍ॅसिटेट ट्रायहायड्रेटचे ५० मिलि पाण्यातले तयार द्रावण ओता. अ‍ॅसिटेट प्रोटॉन काढून घेते, अ‍ॅनिलीन मोकळे होते आणि पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने अ‍ॅनहायड्राइडशी जोडले जाते. अ‍ॅसिटेटचे द्रावण आधी तयार नसेल, तर तेवढ्या वेळात अ‍ॅनहायड्राइड पाण्यात वाया जाते. बर्फात थंड करा, गाळा, उकळत्या पाण्यातून पुन्हा स्फटिक करा. शंभर मिलि उकळत्या पाण्यात साधारण ५ ग्रॅम आणि खोलीच्या तापमानाला अर्धा ग्रॅम अ‍ॅसिटॅनिलाइड विरघळते. म्हणजे २५० मिलि पाणी पुरे, आणि त्यातही सव्वा ग्रॅमच्या आसपास गाळणात (गाळून खाली आलेल्या द्रवात) राहणारच, म्हणून बर्फात नीट थंड करा. गरम असताना तळाशी तेलासारखा थर दिसला तर ती घाण समजून फेकू नका. पाणी मुरलेले वितळलेले अ‍ॅसिटॅनिलाइडच आहे ते. थोडे पाणी वाढवले की विरघळते. सुमारे १२ ग्रॅम मिळेल, वितळणबिंदू ११४ अंश.

आता दोन पायऱ्यांमधला पहिला सांधा येतो, आणि सर्वाधिक नुकसान इथेच होते. दिसायला कोरडे असलेले अ‍ॅसिटॅनिलाइड सहज दहा टक्के पाणी धरून असते. दहा ग्रॅममध्ये एक ग्रॅम पाणी म्हणजे ५५ मिलिमोल, आणि तेवढे पाणी ५५ मिलिमोल क्लोरोसल्फॉनिक आम्ल, म्हणजे साडेतीन मिलिपेक्षा जास्त, क्षणात संपवते. त्याबरोबर सव्वा लिटरच्या वर हायड्रोजन क्लोराइड एकदम सुटतो आणि फ्लास्क तापतो. म्हणून ओव्हनमध्ये ७० ते ८० अंशांवर ठेवा आणि तासाच्या अंतराने केलेली दोन वजने जुळेपर्यंत थांबा. नुसते "रात्रभर हवेवर ठेवले" पुरत नाही, पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर मुळीच नाही. दहा ग्रॅम पुढे न्या, उरलेले दोन ग्रॅम लेबल लावून बाजूला ठेवा. टीएलसीवर (पातळ थरावर पदार्थ वेगळे करून पाहण्याच्या चाचणीत) तुलनेसाठी ते शेवटपर्यंत लागेल.

दुसरी पायरी हूडमध्येच (वायू बाहेर ओढणाऱ्या बंद कपाटात) करायची. क्लोरोसल्फॉनिक आम्ल पाण्याशी स्फोटक जोमाने अभिक्रिया करते आणि कातडी जाळते. तोंडावर ढाल, खाली बंद गॉगल, जाड निओप्रीन किंवा ब्युटिल हातमोजे हवेत. पातळ नायट्राइल मोजे त्याच्यापुढे टिकत नाहीत. मोजपात्र आणि फनेल ओव्हनमधून काढून थंड केलेले असावे. सांडले तर कोरडी वाळू टाका, पाणी नाही. मार्गदर्शकाच्या उपस्थितीशिवाय आणि चालत्या हूडशिवाय ही पायरी करू नये.

कोरड्या २५० मिलि गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये १० ग्रॅम अ‍ॅसिटॅनिलाइड मंद आचेवर वितळवा आणि फ्लास्क फिरवत थंड करा, म्हणजे त्याचा थर काचेच्या आतून बसेल. थराचा फायदा असा की आम्ल वरवरून खात जाते आणि अभिक्रिया उसळत नाही. बारीक भुकटी एकदम पेटल्यासारखी तापते. फ्लास्क बर्फात ठेवून वायू शोषणारी नळी जोडा. नळीचे तोंड सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाच्या जरा वर उलट्या फनेलमध्ये राहू द्या. द्रावणात बुडवले, तर फ्लास्क थंड होताच द्रावण आत ओढले जाईल आणि इथे त्याचा अर्थ अपघात. २५ मिलि क्लोरोसल्फॉनिक आम्ल १० ते १५ मिनिटांत थोडे थोडे घाला. फार थंड ठेवणेही धोक्याचे आहे: आम्ल न वापरले जाता साठते, आणि बर्फ काढल्यावर सगळे मिळून धावते. प्रत्येक भागानंतर वायू सुटतोय आणि थर विरघळतोय हे पाहून मगच पुढचा भाग घाला.

पंचवीस मिलि म्हणजे पाच मोलपट, म्हणजे अ‍ॅसिटॅनिलाइडच्या मोलांच्या पाचपट. एवढे कशाला? पहिला मोल वलयावर सल्फॉनिक आम्ल बसवतो, दुसरा त्याचे सल्फोनिल क्लोराइड करतो, आणि हा दुसरा टप्पा मंद असून उलटही फिरू शकतो. त्याला पुढे रेटायला जास्तीचे आम्ल लागते. तेच द्रावक म्हणूनही काम करते. सगळे विरघळल्यावर गरम पाण्याच्या बाथवर तासभर ठेवा, वायू सुटणे जवळजवळ थांबेपर्यंत. घाई करून वीस मिनिटांत उचलले, तर बराच ऐवज सल्फॉनिक आम्ल म्हणूनच राहतो. ते पाण्यात विरघळते आणि गाळणाबरोबर मोरीत जाते. वजन कमी पण पदार्थ शुद्ध, असे दिसले की कारण बहुधा हेच.

मिश्रण खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग एक लिटरच्या बीकरमध्ये २०० ग्रॅम बारीक बर्फ घेऊन त्यावर बारीक धारेने ओता, सतत ढवळत. दिशा नेहमी हीच: मिश्रण बर्फावर, कधीही पाणी फ्लास्कमध्ये नाही. फ्लास्कही बर्फाचे खडे टाकूनच विसळा. या वेळी उरलेल्या आम्लातून तीन मोलपट हायड्रोजन क्लोराइड सुटतो, म्हणून हूडची काच खाली हवी. पांढरे गोळे बनतील; काचेच्या कांडीने ते फोडा, कारण गोळ्याच्या पोटात आम्ल अडकलेले असते. बुकनर फनेलवर गाळा, थोड्या बर्फाच्या पाण्याने धुवा, दाबून पाणी काढा.

हा दुसरा सांधा, आणि याची मागणी पहिल्याच्या अगदी उलट आहे. इथे वाळवत बसायचे नाही. ओले, आम्लयुक्त सल्फोनिल क्लोराइड उभ्या उभ्या जलविघटित होत राहते. दुसऱ्या दिवशी त्याच वजनाचा, तसाच पांढरा दिसणारा पण निरुपयोगी ऐवज असतो. थांबायचे असेल तर अ‍ॅसिटॅनिलाइडपाशी थांबा. दुसरी आणि तिसरी पायरी एकाच दिवशी, सलग चार-पाच तास मिळतील तेव्हाच सुरू करा. मार्ग कागदावर लिहिताना प्रत्येक बाणाखाली "इथे थांबता येते" किंवा "थांबता येत नाही" असे लिहिण्याची सवय याचसाठी लावायची.

तिसरी पायरी: क्लोरोसल्फॉनिक आम्लाची भांडी आधी बाजूला न्या, नाहीतर अमोनियम क्लोराइडच्या पांढऱ्या धुरात काही दिसणार नाही. ओला सल्फोनिल क्लोराइड फ्लास्कमध्ये घेऊन ३५ मिलि संहत अमोनिया आणि ३५ मिलि पाणी घाला. दाणेदार राबडी हळूहळू मऊ लापशीसारखी होते. हा बदल दिसायलाच हवा. उकळीच्या जरा खाली, ढवळत, पंधरा मिनिटे ठेवा. अमोनिया पाण्यापेक्षा चांगला केंद्रकस्नेही (इलेक्ट्रॉन देऊन हल्ला करणारा) असल्याने इतक्या पाण्यातही तो जिंकतो, पण मोकळा अमोनिया शिल्लक असेल तरच. कागदावर सात मोलपट अमोनिया आहे. नीट न धुतलेल्या गोळ्यांतले आम्ल त्यातला मोठा वाटा खाऊ शकते. शेवटी पीएच कागद स्पष्ट अल्कधर्मी दिसला नाही, तर आणखी अमोनिया घालून पुन्हा दहा मिनिटे गरम करा. मग बर्फात थंड करून विरल सल्फ्युरिक आम्लाने किंचित आम्लधर्मी करा, कारण सल्फोनामाइडचा काही भाग अमोनियात ऋण आयन होऊन विरघळलेला असतो. हे टाळून थेट गाळले तर दहा-पंधरा टक्के गाळणात जाते. ११ ग्रॅमच्या आसपास मिळेल. नमुना वाळवून पाहिल्यास वितळणबिंदू २१९ ते २२० अंश.

चौथ्या पायरीत पदार्थ ओला असला तरी हरकत नाही, पण त्याचे कोरडे वजन माहीत हवे. नमुना वाळवून टक्केवारी काढा. ११ ग्रॅमसाठी ६ मिलि संहत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १८ मिलि पाणी घेऊन अर्धा ते पाऊण तास सौम्य रिफ्लक्स करा (वाफ थंड होऊन परत येईल असे उकळत ठेवा). आम्ल एका मोलपटापेक्षा जास्त हवेच, कारण सुटणारा प्रत्येक अमिनो गट एक प्रोटॉन पकडून बसतो. आम्ल कमी पडले तर अभिक्रिया अर्ध्यावर रेंगाळते आणि माणूस वेळ वाढवत राहतो. थोडे द्रावण काढून थंड करा: काही बसले नाही तर जलविघटन झाले, कारण न बदललेले अ‍ॅसिटिल संयुग थंड आम्लात विरघळत नाही आणि सल्फानिलामाइडचा हायड्रोक्लोराइड विरघळतो. स्वच्छ झाल्यावर तासन्‌तास उकळत ठेवू नका. शेवटी सल्फोनामाइडही तुटून सल्फॅनिलिक आम्ल होते.

कोळशाने रंग काढून गरमच गाळा आणि मोठ्या बीकरमध्ये सोडियम बायकार्बोनेट चिमटीचिमटीने घाला. हिशेब करा: ७० मिलिमोल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सुटलेले सुमारे ५० मिलिमोल अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे १० ग्रॅम बायकार्बोनेट आणि जवळजवळ तीन लिटर कार्बन डायऑक्साइड. फेस बीकरबाहेर येतो तो यामुळे. पीएच ७ च्या आसपास थांबा. सोडियम हायड्रॉक्साइड वापरायचा मोह टाळा. सल्फानिलामाइड उभयधर्मी आहे, आम्लात अमिनो गटाने विरघळते आणि तीव्र अल्कलीत सल्फोनामाइड गटाने. थोडे जास्त हायड्रॉक्साइड पडले की तयार झालेले स्फटिक डोळ्यांसमोर नाहीसे होतात. ते परत येतात, पण मीठ वाढवून. थंड करून गाळा, गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक करा. सुमारे ७ ग्रॅम, वितळणबिंदू १६४ ते १६६ अंश.

ओळख पटवायला वितळणबिंदूबरोबर डायॅझो चाचणी करा. काही मिलिग्रॅम पदार्थ विरल हायड्रोक्लोरिक आम्लात बर्फावर ठेवून सोडियम नायट्राइट घाला, मग अल्कलीतल्या २-नॅफ्थॉलमध्ये टाका. सल्फानिलामाइड नारिंगी-लाल रंग देते. तिसऱ्या पायरीचा पदार्थ देत नाही, आणि त्याने दिला तर अ‍ॅसिटिल आधीच निघू लागले आहे. डीएमएसओ या द्रावकातल्या प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजनांची जागा दाखवणाऱ्या वर्णपटात) २.१ पीपीएमच्या आसपासचे अ‍ॅसिटिलचे शिखर पूर्ण गेलेले असावे आणि ७.४५ व ६.६ जवळ वलयाची दोन जोडशिखरे दिसावीत. हा पदार्थ औषधाच्या दर्जाचा नाही. कोणीही पोटात घेऊ नये.

तुमचा मार्ग याहून लांब असेल, तर आणखी दोन गोष्टी पाहा. प्रत्येकी ८० टक्क्यांच्या आठ पायऱ्या एका रांगेत केल्या तर १७ टक्के उरतात. त्याच आठ अभिक्रिया चार आणि तीनच्या दोन शाखांत वाटून शेवटी जोडल्या, तर सर्वांत लांब रांग पाच पायऱ्यांची होते आणि ३३ टक्के मिळतात. दुसरे, जी पायरी चालेल की नाही याची खात्री नाही ती होता होईल तो सुरुवातीला आणा आणि आधी अर्ध्या ग्रॅमवर करून पाहा. सातव्या पायरीला फसलेली अभिक्रिया आधीच्या सहा पायऱ्यांचा माल खाते.

फाटा फुटण्याची जागाही आखणीतच ठरवा. सल्फोनिल क्लोराइडवर अमोनियाऐवजी २-अमिनोथायाझोल घातले की वाट सल्फाथायाझोलकडे वळते. १९४० च्या दशकात मुंबईच्या हाफकिन संस्थेत प्लेगविरुद्ध अभ्यासले गेलेले औषध ते हेच. एकाच मध्यस्थापासून तीन-चार सल्फोनामाइड करायचे असतील, तर अ‍ॅसिटॅनिलाइड एकदाच भरपूर करून ठेवा आणि सल्फोनिल क्लोराइड दर वेळी ताजे, लागेल तेवढेच बनवा.

आणि उत्पन्न तरीही कमी आले, तर मार्ग बदलण्याआधी प्रत्येक पायरीची गाळणे, म्हणजे गाळून आलेले द्रव, तपासा. ती शेवटचा वितळणबिंदू मिळेपर्यंत फेकायची नसतात. क्लोरोसल्फॉनिक आम्लाचे गाळण याला अपवाद: ते त्याच दिवशी उदासीन करून टाका. पहिल्या पायरीचे गाळण अर्धे आटवून थंड करा, तिसऱ्याचा पीएच पुन्हा पाहा, चौथ्याचा पीएच ७ वर आणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. हरवलेल्या मालापैकी बराचसा यातल्या एखाद्या बीकरमध्ये सापडतो, आणि तो ज्या बीकरमध्ये सापडेल त्यावरून पुढच्या खेपेला कोणती पायरी दुरुस्त करायची ते कळते.